मनोबल आणि वजनकाटा

गेल्या वर्षीच्या श्रावणातील गोष्ट. दोन दिवस कोसळून पाऊस नुकताच उघडला होता आणि मधल्या सुट्टीत मैदानावर लख्ख ऊन पडले होते. अशा उन्हात इयत्ता नववीतील एक मुलगा अंगात स्वेटर आणि त्यावर रेनकोट चढवून मैदानाला फेऱ्या मारीत होता. बेळगावच्या पावसाळ्यात रेनकोटाचे नवल कोणालाच वाटत नाही. त्यामुळे मीही पाहून न पाहिल्यासारखे केले. पुढच्या तासाला तो बाकावर येऊन बसला तेव्हा मात्र त्याचे ओठ फुटलेले, गाल आत गेलेले आणि डोळे निस्तेज झालेले दिसले. शेजारचा मुलगा म्हणाला, "बाई, ह्यानं काल दुपारपासून पाणी घेतलेलं नाही. उलट बाटलीत थुंकतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याच्या शालेय कुस्त्यांसाठी वजने व्हायची होती. मुलाचे वजन ५४ किलो, आणि नाव घातलेले ५१ किलोच्या गटात. तास संपल्यावर मी त्याला बाजूला घेऊन रागावले. तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि शेवटी हळूच म्हणाला, "बाई, तुम्हीच प्रार्थनेच्या वेळी सांगितलं होतं ना, शरीर नाही म्हणेल, पण मनानं होच म्हणायला शिकलं पाहिजे."

विद्यार्थिमित्रहो, ते वाक्य माझेच होते. जुलै महिन्यात 'मनोबल' या विषयावर मी पाच मिनिटे बोलले होते आणि ते भाषण चांगले झाले म्हणून मनातून सुखावलेही होते. आता त्याच भाषणाचा विद्यार्थी माझ्यापुढे उभा होता. मी त्याच्या हाती पाण्याचा पेला दिला. त्याने तो ओठांना लावल्यासारखे केले आणि परत दिला. त्याला कुस्ती शिकविणारे गृहस्थ जवळच होते, ते म्हणाले, "आजची एक रात्र, बाई. उद्या वजन झालं की पोटभर खाईल." मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी मुलगा काट्यावर बरोबर बसला, पहिली कुस्ती जिंकला, आणि दुसऱ्या कुस्तीत त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले की त्याला उठताच येईना. डॉक्टरांनी सलाईन लावले. संध्याकाळपर्यंत तो घरी गेला. आज तो ठणठणीत आहे. परंतु त्या पेल्याचा विचार माझ्या मनातून गेला नाही, आणि हा लेख त्यातूनच लिहिला गेला आहे.

मी कलाशाखेची पदवीधर. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. मल्लविद्येतले मला काय कळणार, असे कोणी म्हणेल, तर ते खरेच आहे. तथापि या भागात राहून कुस्तीपासून दूर राहता येत नाही. बेळगाव-कोल्हापूरकडच्या तालमींत वस्तादाचे लक्ष मेहनतीइतकेच खुराकावर असे. दूध, तूप, बदाम, थंडाई यांचा हिशेब जोर-बैठकांच्या हिशेबाइतकाच काटेकोर. पोराच्या अंगाला मास लागले की घरच्यांना आनंद. मातीतल्या कुस्तीत जोड लावायची ती नजरेने, अंगलट आणि नाव पाहून. तराजूचा संबंध नाही. यात सारेच उत्तम होते असे नव्हे. नजरेने जमविलेल्या जोडीत हलक्या पोरावर अन्याय होई, आणि कधी कधी तो अन्याय हाडांवर बेते. वजनाचे गट आले ते हा अन्याय टळावा म्हणूनच. लहान अंगकाठीच्या मल्लालाही आपल्या तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळावा, हा त्यामागील न्याय होता.

पण झाले असे की, प्रत्येकालाच वाटू लागले, आपण जरा खालच्या गटात उतरलो तर आपल्यापेक्षा चणीने लहान असलेला प्रतिस्पर्धी मिळेल. सर्वांनीच तसे केल्यावर कोणाचाच लाभ उरला नाही. उपाशी मल्ल उपाशी मल्लाशी झुंजू लागला, इतकेच. आणि आता यातून एकट्याने बाहेर पडू म्हणणाऱ्याला मात्र तोटा सोसावा लागतो.

तीन-चार दिवसांत तीन किलो वजन उतरते ते चरबीचे नव्हे, हे ध्यानात घ्यावे. उतरते ते बहुतांशी पाणी. ५४ किलोच्या मुलाने तीन किलो उतरविले म्हणजे शंभरातले साडेपाच भाग गेले. रक्त दाट होते, हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात, मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि घाम येणे मंदावले की शरीराला आपली उष्णता बाहेर टाकता येत नाही. वजन झाल्यावर घटाघट पाणी प्याले म्हणजे सारे भरून निघते, ही समजूत भोळी आहे. कोरड्या पडलेल्या शेतावर घागर ओतली तर माती ओली दिसते, एवढेच.

अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, सुमारे महिन्याभराच्या अवधीत, तीन वेगवेगळ्या महाविद्यालयांतील तीन कुस्तीगीर विद्यार्थी याच प्रकारे मरण पावले. वये १९, २१ आणि २२. तिघेही घाम काढण्यासाठी हवा न जाऊ देणारे पोशाख घालून, उष्ण जागेत व्यायाम करीत होते. तिघेही अंगाने धडधाकट. त्यांना कोणी मारहाण केली नव्हती की कोंडून ठेवले नव्हते. आपापल्या मनोबलावर ते हे करीत होते. माझ्या भाषणातले वाक्य त्यांनाही शोभून दिसले असते.

आपल्याकडील उदाहरण तर सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ६ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगट हिने ५० किलोच्या गटात पहिल्याच कुस्तीत जपानच्या युई सुसाकी हिला हरविले. सुसाकी तोवर आंतरराष्ट्रीय कुस्तीत अजिंक्य होती. त्या एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून विनेश अंतिम फेरीत पोहोचली. ही खरे तर ५३ किलोच्या गटात लढत आलेली मुलगी; पण त्या गटातील भारताची जागा दुसऱ्या मल्लाकडे होती, म्हणून ती खाली उतरली. दिवसाअखेर तिचे वजन मर्यादेपेक्षा २.७ किलो अधिक भरले. रात्रभर अन्नपाणी बंद, घाम काढणे चालू, शेवटी केससुद्धा कापले. सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त. नियमाप्रमाणे ती बाद झाली आणि तिचे नाव यादीत सर्वांत खाली गेले. रौप्यपदकासाठी तिने केलेले अपील १४ ऑगस्टला फेटाळले गेले.

त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत कोणी नियमाला नावे ठेवली, कोणी नशिबाला. मला मात्र त्यानंतर भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्षा पी. टी. उषा यांनी घेतलेली भूमिका अधिक विचार करण्याजोगी वाटली. कुस्ती, मुष्टियुद्ध, ज्यूदो यांसारख्या खेळांत वजन सांभाळण्याची जबाबदारी खेळाडूची आणि त्याच्या प्रशिक्षकाची. संघटनेने नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याची नव्हे, असे त्यांनी म्हटले. नियमाच्या दृष्टीने हे बरोबरही असेल. परंतु एका मुलीभोवती डॉक्टर, आहारतज्ज्ञ, प्रशिक्षक, अधिकारी असा केवढा तरी परिवार असावा आणि काटा शंभर ग्रॅम पुढे सरकला की ती एकटी उरावी, हे पाहून मला आमच्या त्या नववीतल्या मुलाची आठवण झाली. विनेशच्या बाबतीत हे पहिल्यांदा घडले असेही नाही. एप्रिल २०१६ मध्ये मंगोलियात, रिओ ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेत, ४८ किलोच्या गटात तिचे वजन ४०० ग्रॅम अधिक भरले होते आणि तेव्हाही ती बाद झाली होती. म्हणजे आठ वर्षे धोक्याची सूचना समोर होती.

त्याच पॅरिसमध्ये दोन दिवसांनी अमन सेहरावत या २१ वर्षांच्या मल्लाचे वजन उपांत्य फेरीनंतर ६१.५ किलो भरले. गट ५७ किलोचा. रात्रीतून सुमारे दहा तासांत त्याने ४.६ किलो उतरविले आणि कांस्यपदक मिळविले. आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या. वर्तमानपत्रांनी त्या रात्रीचे तासातासाचे वर्णन एखाद्या पराक्रमासारखे छापले, आणि आमच्या शाळेतील मुलांनी ते वाचले. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये झाग्रेब येथील जागतिक स्पर्धेत याच अमनचे वजन १.७ किलो जास्त भरले. तो बाद झाला, आणि कुस्ती महासंघाने त्याला एका वर्षासाठी निलंबित केले. ती बंदी पुढे नोव्हेंबरात उठविण्यात आली. काटा खाली आला तर वीर, नाही आला तर गुन्हेगार! दोन्ही वेळा त्या मुलाने आपल्या शरीराशी एकच वागणूक केली असणार, याचा विचार किती जणांनी केला?

येथे गटांची आखणीही पाहावी. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या मुक्त शैलीत सहाच गट आहेत आणि ५७ नंतरचा गट एकदम ६५ चा. साठ-एकसष्ट किलोच्या मल्लाने जावे कोठे? वाढावे तर चार-पाच किलो, आणि तेही आधीच मोठ्या असलेल्यांपुढे. उतरावे तर तितकेच. तेव्हा या साऱ्याचे खापर एकट्या मल्लाच्या किंवा प्रशिक्षकाच्या डोक्यावर फोडणेही योग्य नव्हे. नियम सुधारण्याचे प्रयत्न झाले आहेत. पूर्वी आदल्या दिवशी वजन होई आणि मल्लाला रात्रभर खाऊन-पिऊन भरून निघायला वेळ मिळे. २०१८ पासून ते कुस्तीच्या दिवशीच सकाळी होते, आणि अंतिम फेरीच्या सकाळी पुन्हा. हेतू असा की एवढे वजन उतरविण्याचा मोहच होऊ नये. मोह गेला नाही. उलट आता एकाऐवजी दोन रात्री उपाशी काढाव्या लागतात.

आता मनाकडे वळते; कारण माझा अपराध त्या बाजूचा आहे.

क्रीडा-मानसशास्त्र हे काही थोतांड नव्हे. भीतीने हात थरथरत असता श्वास कसा सांभाळावा, झालेली चूक मनातून कशी काढून टाकावी, लक्ष एका जागी कसे ठेवावे, हे शिकविता येते आणि त्याचा उपयोग होतो. २०११ साली क्रिकेटचा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघासोबत पॅडी अप्टन हे मनाची तयारी करून घेणारे प्रशिक्षक होते. २०२४ मध्ये १८ वर्षांचा डी. गुकेश बुद्धिबळातील जगज्जेता झाला, तेव्हाही त्याच्या तयारीत त्यांचा वाटा होता. बुद्धिबळाच्या पटापुढे भीती आवरणे ही गोष्ट वेगळी. तेथे भीती बहुधा खोटी असते. वाघ समोर नसतो आणि शरीर मात्र वाघ पाहिल्यासारखे वागते. अशा खोट्या हाकेला ओ देऊ नये हे शिकविणे, ही मोठीच विद्या आहे.

पण तहान ही खोटी हाक नव्हे. भूक खोटी नव्हे. वाढत्या वयातील मुलीची मासिक पाळी महिनोन् महिने बंद पडणे, हा तर शरीराने लेखी दिलेला अर्ज आहे. रात्री चोर आल्यावर कुत्रा भुंकू लागला, तर झोपमोड होते म्हणून त्याचे तोंड बांधणारा घरधनी शहाणा म्हणायचा काय? 'भूक ही केवळ एक भावना आहे, तिला येऊ द्या आणि जाऊ द्या' असे खेळाडूला शिकविणारा मनोवैज्ञानिक हेच करीत असतो. आणि प्रार्थनेच्या वेळी मी तेच केले.

शिवाय उपाशी मनाला मनोबल शिकविता येते, हीच समजूत चुकीची आहे. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीझ या शास्त्रज्ञाने ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. महायुद्धामुळे उपासमारीने गांजलेल्या युरोपातील लोकांना पुन्हा सशक्त कसे करावे, हे त्यातून शिकायचे होते. हे तरुण स्वेच्छेने आलेले, शरीर-मनाने निकोप म्हणून निवडलेले होते. सहा महिने त्यांना सुमारे अर्ध्या आहारावर ठेवले. त्यांचे वजन सुमारे पाव भागाने घटले. पण वजनापेक्षा विलक्षण गोष्ट घडली ती त्यांच्या मनांची. ही सुशिक्षित माणसे ताटल्या चाटू लागली, पाकक्रियेची पुस्तके तासन् तास वाचू लागली, लहानसहान कारणांवरून चिडू लागली, मित्रांपासून तुटली, कशातच रस घेईनाशी झाली. त्यांना कोणी मनाने दुबळे म्हणू शकेल काय? मन हे शरीराच्या चुलीवरच शिजते. 'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण आपण खादाडाची थट्टा करण्यासाठी वापरतो, पण तिच्यात शास्त्र आहे. म्हणून प्रशिक्षक जेव्हा म्हणतो, 'हा मुलगा अलीकडे चिडचिडा झाला आहे, मनाने ढिला पडला आहे, याला जरा समुपदेशन द्या,' तेव्हा समुपदेशकाचा पहिला प्रश्न हा असावा की, तो जेवतो काय?

आमच्या घरी कोंकणी बोलतात. माझी आजी दारात आलेल्या कोणाही माणसाला प्रथम 'जेवण जालें?' असे विचारी, मग तो पोस्टमन असो की पाहुणा. लहानपणी मला त्याचे हसू येई. मनोविकारांची मोठमोठी पुस्तके न वाचताही तिला प्रश्नांचा क्रम बरोबर ठाऊक होता.

याहून अवघड प्रश्न निष्ठेचा. खेळाडूच्या मनातील गुपिते ज्याच्या कानी पडतात, तो माणूस कोणाचा? त्याचा पगार संघ देतो, नेमणूक महासंघ करतो, आणि समोर बसलेले पोर मात्र त्याला आपला समजून सारे सांगते. हा प्रश्न या शास्त्राइतकाच जुना आहे. इलिनॉय विद्यापीठात १९२५ साली खेळाडूंच्या मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढणारे कोलमन ग्रिफिथ यांना १९३८ मध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाच्या मालकाने कामावर घेतले. ते खेळाडूंचे निरीक्षण करीत आणि अहवाल जाई मालकाकडे. खेळाडूंनी आणि व्यवस्थापकाने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही यात आश्चर्य ते काय! विद्वत्तेत ग्रिफिथ कमी नव्हते. परंतु ज्याची वही धन्याच्या टेबलावर उघडते, त्याच्यापुढे कोणी मन उघडीत नाही.

आणि उघडले तर काय होऊ शकते, ते मेरी केन या अमेरिकन धावपटूने सांगितले आहे. २०१३ साली, १७ व्या वर्षी, ती मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत १५०० मीटर शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली होती. पुढे नायके या कंपनीच्या प्रसिद्ध धावपटू-पथकात ती गेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिने जाहीरपणे सांगितले की, तेथे तिला ११४ पौंडांवर, म्हणजे सुमारे ५१.७ किलोवर, आणण्याचा ध्यास होता. सहकाऱ्यांसमोर तिचे वजन केले जाई. तीन वर्षे तिची मासिक पाळी बंद होती आणि पाच हाडे मोडली. आपण स्वतःला इजा करून घेत आहोत हे तिने प्रशिक्षकाला आणि संघाच्या मनोवैज्ञानिकाला सांगितले, तेव्हा त्या दोघांना झोपायला जायचे होते, असे ती म्हणते. तिचे आरोप प्रशिक्षकाने मान्य केले नाहीत. तिने २०२१ मध्ये भरलेला दावा २०२३ मध्ये आपसांत मिटला. कोर्टात निकाल न लागलेल्या गोष्टीचा निकाल मी लावणार नाही. पण पाळी आणि हाडे यांचा संबंध मात्र तिच्या शब्दावर अवलंबून नाही. आहार तुटपुंजा, मग पाळी बंद, मग हाडे ठिसूळ, ही साखळी वैद्यकाने १९९२ सालीच ओळखली होती. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी ती मुलांनाही लागू असल्याचे सांगितले. हाडांचा मोठा साठा शरीर या कुमारवयातच करीत असते. या वयात केलेली उपासमार चाळिशीनंतर वसुली करते.

मुलींच्या बाबतीत शब्दही पुरतो. ख्रिस्टी हेनरिक या अमेरिकन जिम्नॅस्टला १९८८ साली बुडापेस्टच्या स्पर्धेत एका परीक्षकाने वजन कमी करण्यास सांगितले, हे प्रसिद्ध आहे. त्यानंतर तिला अन्नाचीच धास्ती बसली. १९९४ साली, २२ व्या वर्षी, ती वारली. परीक्षकाच्या मनात काही वाईट नसेल. माझ्याही मनात नव्हते.

यावर एक आक्षेप मला अनेकांनी घेतला, आणि तो क्षुल्लक नाही. ते म्हणतात, त्यागावाचून यश कोठे आहे? आपल्याकडे एकादशीला अन्नावाचून राहणारी माणसे आहेत, तपाचे संस्कार आहेत. मग मल्लाच्या उपवासालाच नाके का मुरडावी? माझे उत्तर असे की, एकादशी आपण आपल्या इच्छेने करतो, आणि मोडली तर द्वादशीला कोणी आपल्याला यादीतून काढून टाकीत नाही. आजारी माणसाला, मुलाला, गरोदर बाईला तिच्यातून सूट आहे. मल्लाच्या उपवासात सूट नाही, आणि त्याचा हिशेब दुसऱ्याच्या काट्यावर होतो. तीस वर्षांचा मल्ल सारे जाणून हा मार्ग पत्करील, तर त्याला अडविण्याचा मला अधिकार नाही, असे क्षणभर मानू. पण चौदा वर्षांच्या मुलाचे 'हो' हे त्याचे नसते. ते वस्तादाचे असते, बापाचे असते, प्रार्थनेच्या वेळी बोलणाऱ्या बाईंचे असते.

आणि उतरल्यानेच पदक मिळते, हेही खरे नव्हे. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला फ्लायवेट गटात लढले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक घेतले ते वरच्या, बँटमवेट गटात. आमच्या भागात खाशाबांचे नाव घेऊन मुलांना स्फुरण देणाऱ्यांनी ही गोष्टही सांगत जावी.

अमेरिकेने त्या तीन मृत्यूंनंतर महाविद्यालयीन कुस्तीचे नियम बदलले. रबरी पोशाख, वाफेच्या खोल्या, लघवी होण्याची औषधे यांवर बंदी आली. हंगामाच्या आरंभी, अंगात पाणी पुरेसे आहे याची खात्री करून, प्रत्येक मल्लाचे किमान वजन ठरविले जाऊ लागले. त्याखाली उतरायचे नाही, आणि उतरायचे तर आठवड्याला शेकडा दीडपेक्षा अधिक नाही. वजन कुस्तीच्या अगदी अगोदर होऊ लागले. शरीरावर प्रेम करा असा उपदेश करीत बसण्यापेक्षा हे बरे. नियम असा हवा की उपाशी राहणाऱ्याला लाभच होऊ नये.

आमच्या लहानशा शाळेत एवढी यंत्रे नाहीत. तरी या वर्षी आम्ही काही केले. जूनमध्येच, दुखणे-भुकेचा काळ नसताना, कुस्ती आणि ज्यूदो खेळणाऱ्या मुलामुलींची वजने घेतली. एकेकाला खोलीत बोलावून, मुलींची बाईंनी, आणि आकडा मोठ्याने न वाचता. जो आकडा आला त्याच्या वरचाच गट अर्जात लिहायचा, असे ठरले. मुलाने मला विश्वासाने काही सांगितले तर ते त्याच्या शिक्षकाकडे वा घरी त्याला न विचारता जाणार नाही. फक्त जिवावर बेतण्याजोगे असेल तर जाईल, आणि तेही त्याला आधी सांगून, हे मी वर्गात स्पष्ट केले. कुस्ती शिकविणाऱ्या गृहस्थांना हे फारसे रुचले नाही. त्यांचेही चुकत नाही. जिल्ह्यात शाळेचे नाव आले नाही तर प्रश्न त्यांनाच विचारले जातात.

प्रार्थनेच्या वेळी मी पुन्हा बोलले. जुलैचे ते वाक्य मागे घेते, असे सांगितले. काही मुले हसली.

अर्ज भरण्यापूर्वी पालकांची सभा घेतली. त्या मुलाचे वडील आले होते. स्वतः तरुणपणी मातीत लढलेले, कान मोडलेले गृहस्थ. मुलाचे नाव ५५ च्या गटात आहे हे पाहून त्यांनी कागद हातात धरला तो धरलाच.

"बाई, पंचावन्नात मोठी पोरं असतात. तिथं हरला तर?"

"हरेल," मी म्हटले.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे पेन मागितले आणि सही केली.